नाटककार राजे : तंजावरचे शहाजी

गुम्मिडिपूंडीसारख्या आंध्राच्या सीमेलगतच्या गावी तमिळ आणि तेलुगु दोन्ही कानी पडतात, आणि मराठी कुटुंबात त्यांत तिसरी भाषा मिसळते. तीनशे वर्षांपूर्वी याच तमिळ भूमीत, दक्षिणेकडे तंजावरी, एका मराठी राजाने असाच बहुभाषी प्रेक्षक डोळ्यांपुढे ठेवून नाटके रचली.

शहाजीराजे हे एकोजीराजांचे पुत्र, म्हणजे शिवछत्रपतींचे पुतणे. 1684 मध्ये कोवळ्या वयात ते गादीवर आले. 1693 मध्ये तिरुविसनल्लूर हे गाव त्यांनी 46 विद्वानांना इनाम दिले आणि त्यास शहाजीराजपुरम् हे नाव मिळाले. राजकारणाचा तपशील इतिहासग्रंथांत आहेच. येथे त्यांच्या नाट्यरचनेकडे पाहू.

तंजावरच्या नायक राजांच्या दरबारी तेलुगु यक्षगान रुजले होते. शहाजींनी ते मोडले नाही. स्वतः तेलुगुत ‘पल्लकीसेवाप्रबंधमु’ रचले आणि तोच साचा मराठीस दिला. त्यांचे ‘लक्ष्मीनारायणकल्याण’ (सुमारे 1690) हे मराठीतील आद्य नाटक मानले जाते. या नाटकांत सूत्रधार कथेचा धागा हाती ठेवतो. ‘दरू’ नावाची गीते पात्राचे रूप वर्णितात आणि प्रसंग पुढे नेतात. पात्र कोण, कशासाठी आले, हे गाण्यातूनच उमगते. संवादाची भाषा अर्धीच समजणाऱ्या प्रेक्षकालाही कथा हरवत नाही. ही योजना केवळ शोभेची नव्हे, असे मला वाटते. स्नेहसंमेलनात नाटुकले बसविणाऱ्या शिक्षकांना तिचे मोल सहज कळेल. ‘पंचभाषाविलास’ नाटकात तर राजांनी संस्कृत, मराठी, तेलुगु, तमिळ आणि हिंदी या पाचही भाषा एकाच रंगमंचावर आणल्या. राजाने आपली भाषा प्रजेवर लादली नाही, तिला इतरांच्या पंक्तीस बसविले.

तिरुवारूरचा त्यागेश हे त्यांचे आराध्य. त्याच्यावरील पदेही त्यांनी रचली. 1712 मध्ये त्यांची कारकीर्द संपली. त्यांना पुत्र नव्हता. गादी बंधू सरफोजींकडे आणि पुढे तुकोजींकडे गेली. तुकोजींनीही मराठी नाटक लिहिले.

महाराष्ट्राला मात्र याची वार्ता नव्हती. 1843 मध्ये सांगलीस विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ उभे केले, ते कर्नाटकातील भागवत मंडळींचे खेळ पाहून. तेथेही सगळे आख्यान सूत्रधारानेच गाऊन पुढे न्यायचे होते. शहाजींच्या पोथ्या त्या वेळी तंजावरी सरस्वती महालात बासनात होत्या.