ऑटो लोवी

शहापूर-मुरबाडकडील विद्यार्थ्यांस भातसा व काळू या नद्यांतील शिंपले परिचयाचे असतील. बोट लागतांच शिंपला घट्ट मिटतो व बराच वेळ उघडत नाहीं. त्याच्या स्नायूस ही आज्ञा कशी पोहोंचते? अशा प्रश्नांची वाट ज्यांनीं खुली केली, त्या शास्त्रज्ञाचें हें अल्प चरित्र.

ऑटो लोवी यांचा जन्म ३ जून १८७३ रोजीं जर्मनींतील फ्रँकफुर्ट येथें एका ज्यू कुटुंबांत झाला. त्यांचा ओढा कलेच्या इतिहासाकडे होता. परंतु घरच्यांच्या इच्छेस मान देऊन ते वैद्यक शिकले. १९०९ सालीं ते ऑस्ट्रियांतील ग्राझ विद्यापीठांत औषधिशास्त्राचे प्राध्यापक झाले.

मज्जातंतु स्नायूस आज्ञा देतो ती विजेनेंच, असें त्या काळीं पुष्कळांचें मत होतें. ईस्टरच्या सुमारास एके रात्रीं लोवींना स्वप्नांत एक प्रयोग सुचला. त्यांनीं तो टिपून ठेविला. पण सकाळीं स्वतःचेंच अक्षर त्यांस लागेना! दुसऱ्या रात्रीं पुन्हां तेंच सुचतांच ते तडक प्रयोगशाळेंत गेले. बेडकांचीं दोन हृदयें त्यांनीं क्षारजलांत जिवंत ठेविलीं. पहिल्याचा मज्जातंतु चेतवितांच त्याचे ठोके मंदावले. त्यांतील क्षारजल दुसऱ्या हृदयास देतांच तेंही मंदावलें. आज्ञा नेणारें एक द्रव्य असतें, हें सिद्ध झालें. हा शोध १९२१ सालीं प्रसिद्ध झाला. तें द्रव्य म्हणजे अ‍ॅसिटिलकोलीन. एक एन्झाइम तें त्वरित मोडून टाकतें, हेंही लोवींनीं दाखविलें. १९३६ सालीं हेन्री डेल यांच्यासमवेत त्यांस नोबेल पारितोषिक मिळालें.

मार्च १९३८ मध्यें नाझींनीं ऑस्ट्रिया घेतला व लोवींस रातोरात तुरुंगांत टाकलें. मरण समोर दिसत असतां त्यांस चिंता लागली ती अप्रकाशित संशोधनाची. पहारेकऱ्याकडून पोस्टकार्ड मिळवून त्यांनीं तें एका शास्त्रीय नियतकालिकास कळविलें. पुढें पारितोषिकाची रक्कम नाझींच्या हवालीं करून रिकाम्या हातीं त्यांनीं देश सोडला. १९४० पासून ते न्यूयॉर्क येथें शिकवूं लागले. तेथेंच २५ डिसेंबर १९६१ रोजीं त्यांचें निधन झालें.

त्याच वाटेनें जाऊन इतर संशोधकांनीं समुद्री शिंपल्यांच्या स्नायूंचें कोडें उलगडलें. अ‍ॅसिटिलकोलीन स्नायु आंवळतें. मग फार थोडी शक्ति खर्चून तो आपली पकड टिकवून धरतो. सेरोटोनिन हें दुसरें द्रव्य एन्झाइमांस जागें करून ती पकड सोडवितें.

लोवींचें घर गेलें, धन गेलें; पण ज्ञान तुरुंगाबाहेर पोहोंचलें. विद्येवरील ही निष्ठा आपणां विद्यार्थ्यांस खरोखर अनुकरणीय आहे.