समुद्र दिसणारं घर

गेल्या वर्षी मे महिन्यात मी भाचीकडे गर्न्सीला जाऊन आले. हे गर्न्सी कुठे, ते आधी मलाही नकाशात शोधावं लागलं होतं. इंग्लिश खाडीत, पण इंग्लंडपेक्षा फ्रान्सच्या किनाऱ्याला जवळ असलेलं हे एवढंसं बेट. क्षेत्रफळ सुमारे ६५ चौरस किलोमीटर, म्हणजे कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंतची आपली जुनी मुंबई असेल तेवढंच. जावई तिथे फायनान्समध्ये आहेत. आधी दोघं लंडनला होते, भाचीचीही तिथे चांगली नोकरी होती. जावयांना गर्न्सीत बढती मिळाली आणि हिनं राजीनामा दिला. आता घर घ्यायचं चाललं होतं. साधंसुधं नाही हं, टेकडीवरचं, मोठाल्या काचांचं, सगळ्या खोल्यांतून समुद्र दिसणारं. तिथे बाहेरून येऊन कायमचं राहायचं तर ‘ओपन मार्केट’ नावाची घरांची वेगळी यादी असते आणि त्यातली घरं चांगलीच महाग. बाकीच्या घरांत राहायला स्थानिक असण्याची किंवा नोकरीच्या परवान्याची अट. जावई रोज संध्याकाळी लॅपटॉपवर फोटो दाखवायचे. भाची बघायची, हो हो म्हणायची आणि उठून कुकर लावायची.

एका सकाळी ती मला म्हणाली की मावशी, चल, तुला या बेटावरचं सगळ्यात प्रसिद्ध घर दाखवते. तशी आम्ही ओतव्हिल हाऊस बघायला गेलो. व्हिक्टर ह्यूगोचं घर. मला ह्यूगो माहीत होता तो शाळेतल्या बिशपच्या चांदीच्या मेणबत्तीदानांच्या गोष्टीपुरता. ‘ले मिझेराब्ल’ ही त्याची कादंबरी मी पुढे कॉलेजात वाचली आणि रडले. पण ह्या माणसानं एका बेटावर घर घेतलं होतं, आणि त्या घरात चार बायकांचं आयुष्य कसं कसं गेलं, हे काही माहीत नव्हतं. परत आल्यावर मिळेल ते वाचत सुटले.

ह्यूगो जन्मला १८०२ मध्ये. विशीतच कवी म्हणून नाव झालं आणि १८२२ मध्ये लहानपणची मैत्रीण अडेल फूशे हिच्याशी लग्नही झालं. पहिलं मूल तान्हेपणीच गेलं. मग लिओपोल्दिन, शार्ल, फ्रान्स्वा-व्हिक्टर आणि १८३० मध्ये धाकटी लेक. तिचंही नाव आईचंच, अडेल. १८३३ मध्ये ज्युलिएट द्रूए ही नटी त्याच्या आयुष्यात आली आणि पुढची पन्नास वर्षं राहिली. तिनं रंगभूमी सोडली, त्याची हस्तलिखितं सुवाच्य अक्षरात उतरवून दिली आणि त्याला हजारो पत्रं लिहिली. बायकोला हे ठाऊक होतं. साऱ्या पॅरिसलाच ठाऊक होतं म्हणा ना!

१८४३ च्या सप्टेंबरात थोरली लिओपोल्दिन सीन नदीत होडी उलटून बुडाली. वय १९, लग्नाला जेमतेम सात महिने. तिला वाचवता वाचवता नवराही गेला. ह्यूगो तेव्हा ज्युलिएटबरोबर प्रवासात होता. स्वतःच्या लेकीच्या मृत्यूची बातमी त्याला वाटेत एका गावी वर्तमानपत्रात वाचायला मिळाली. त्यानंतर बरीच वर्षं त्यानं कवितेचं नवं पुस्तक काढलं नाही.

मग राजकारण आलं. डिसेंबर १८५१ मध्ये लुई नेपोलियननं सत्ता बळकावली. ह्यूगो त्याचा कट्टर विरोधक. एका कामगाराच्या नावाचा पासपोर्ट घेऊन तो ब्रसेल्सला पळाला. त्या दिवसांत त्याला लपवायची खटपट केली ती ज्युलिएटनं, आणि पाठोपाठ हस्तलिखितांची ट्रंक घेऊन गेली तीही तीच. पुढच्या वर्षी तो जर्सी बेटावर गेला. बायकामुलं आली. ज्युलिएटही आली, तिची खोली अर्थात वेगळी. तीन वर्षांनी तिथल्या निर्वासितांच्या वर्तमानपत्रावरून वाद पेटला, त्यात ह्यूगोनंही सही केली आणि सगळ्यांना जर्सी सोडायचा हुकूम झाला. ३१ ऑक्टोबर १८५५ ला बिऱ्हाड शेजारच्या गर्न्सीवर उतरलं.

घराची गोष्ट इथून सुरू होते. तोवर ह्यूगो जन्मभर भाड्याच्या घरात राहिलेला. पण दोनदा हाकलला गेलेला माणूस आता शहाणा झाला होता. गर्न्सीत मालमत्ता असलेल्याला सहजासहजी बेटाबाहेर काढता येत नसे, हे त्याला कळलं. एप्रिल १८५६ मध्ये त्याचा ‘ले कोंतांप्लासियों’ हा कवितासंग्रह आला आणि धडाधड खपला. त्या पैशांतून मे महिन्यात त्यानं सेंट पीटर पोर्टच्या चढावरचं हे मोठं घर विकत घेतलं. घर म्हणे भुताचं म्हणून बदनाम होतं, त्यामुळे रिकामंच पडलेलं. मालक झाल्यावर राणीला द्यायचा कोंबड्यांचा एक जुना सरंजामी कर त्याच्या मागे लागला. त्याला त्याचं फार कौतुक! वय होतं ५४ आणि आयुष्यातलं पहिलं स्वतःचं घर.

पण हा कवितासंग्रह कशावर होता? त्याच्या मधोमध आहे ती लिओपोल्दिन. तिच्या आधीच्या कविता आणि तिच्या नंतरच्या कविता, असे त्याचे दोन भागच आहेत. गेलेल्या लेकीच्या कवितांच्या पैशांतून ते घर आलं. मी ते वाचलं आणि पुस्तक मिटून जरा वेळ खिडकीत जाऊन उभी राहिले.

घर लावण्याचं ह्यूगोला वेडच लागलं. पाच-सहा वर्षं सुतारकाम चालू होतं. बेटावरच्या शेतकऱ्यांच्या घरांतून जुन्या ओक लाकडाच्या पेट्या गोळा करायच्या, त्या तोडायच्या, त्यांच्या नक्षीच्या फळ्यांतून कपाटं, बाकं, शेकोट्यांच्या चौकटी बनवायच्या. दारांची टेबलं करायची. आराखडे स्वतः काढायचे. जेवणघराच्या भिंतींना डेल्फ्टच्या निळ्या-पांढऱ्या फरशा. त्यांतच एका ठिकाणी फरशांचंच ह्यूगोचं आद्याक्षर. पूर्वजांसाठी म्हणून एक खुर्ची, तिला आडवी साखळी, कुणी बसायचं नाही. गालिचे जमिनीवर कमी आणि भिंतींवर, छतावर जास्त. एका बोळात तर चिनी मातीच्या बशा भिंतीवरच नाही, छतालाही लावल्यात. मी मान वर करून बघत होते आणि मनात एकच, या पुसायच्या कुणी? गाइड बाई उत्साहानं सांगत होत्या, त्यांना काही हे विचारलं नाही.

वरच्या मजल्यावर गॅरिबाल्डीसाठी म्हणून भलामोठा कोरीव पलंग केलेला आहे. गॅरिबाल्डी कधी आलाच नाही. ह्यूगो स्वतः झोपायचा त्याच्याही वर, माळ्यावरच्या एका चिमुकल्या खोलीत. आणि सगळ्यात वर, छपरावर, त्यानं काचेची खोली बांधून घेतली. तिथून बंदर दिसतं, हर्म आणि सार्क ही बेटं दिसतात, हवा स्वच्छ असली तर फ्रान्सचा किनाराही दिसतो. तिथे तो उभ्यानं लिहायचा. १८४८ मध्ये अर्धवट टाकलेलं ‘ले मिझेराब्ल’चं बाड त्यानं १८६० मध्ये या बेटावर पुन्हा उघडलं, आणि १८६२ मध्ये कादंबरी आली ती जगभर गेली. त्याच वर्षीपासून तो आठवड्यातून एकदा बेटावरच्या गरीब मुलांना घरी बोलावून जेवू घालायला लागला. आधी दहा-बारा असायची, पुढे चाळीसवर गेली. हे सगळं मोठंच आहे. त्यात मी खोट काढत नाही.

पण त्या काचेच्या खोलीतून खाली उतरून बघा.

धाकटी अडेल परागंदा झाली तेव्हा २१-२२ वर्षांची होती. देखणी, पियानो वाजवणारी, पॅरिसच्या बैठकांत वाढलेली. आणि आता वारा, धुकं आणि तीच ती चार माणसं. नव्या घरात येऊन महिना-दोन महिने झाले असतील नसतील, १८५६ च्या डिसेंबरात ती फार आजारी पडली. आईनं काय ते ओळखलं. तिनं नवऱ्याला लिहून कळवलं की तुमचं नाव आहे, काम आहे, हा खडक तुम्हाला शोभून दिसतो. पण पोरीचं वय उलटून चाललंय त्याचं काय? एकाच घरात राहून पत्र लिहावं लागलं, हेच मला जास्त बोलकं वाटलं. आई १८५८ पासून लेकीला घेऊन मधून मधून पॅरिसला, लंडनला जायला लागली. कारण परत यायची बंदी होती ती ह्यूगोवर, तिच्यावर नाही. १८५९ मध्ये सम्राटानं सर्वांनाच माफी दिली. ह्यूगोनं ती नाकारली. तत्त्वाचा प्रश्न होता आणि तो तत्त्वाला जागला. घरातल्या बायकांना मात्र तत्त्वासाठी आणखी काही वर्षं ते धुकं सोसायचं होतं.

अडेलचं मन आधीच पिन्सन नावाच्या एका इंग्रज अधिकाऱ्यावर बसलं होतं. जून १८६३ मध्ये तिनं कुणाला न सांगता गर्न्सी सोडलं आणि त्याच्यामागे थेट कॅनडात हॅलिफॅक्सला गेली. तिथून आमचं लग्न झालं म्हणून कळवलं. ह्यूगोनं ते छापूनही आणलं. लग्न झालंच नव्हतं. पिन्सनची पलटण बार्बाडोसला गेली, तशी तीही गेली. रस्त्यातून फाटक्या कपड्यांत स्वतःशी बोलत फिरायची. शेवटी बा नावाच्या तिथल्या एका कृष्णवर्णीय बाईनं तिला सांभाळलं आणि १८७२ मध्ये बापाकडे फ्रान्सला आणून पोचवलं. पुढची ४३ वर्षं अडेल मनोरुग्णांच्या खासगी आश्रमांत होती. १९१५ मध्ये ८४ व्या वर्षी गेली. त्रूफोनं १९७५ मध्ये तिच्यावर सिनेमा काढला, त्यातलं इझाबेल अजानीचं काम बघवत नाही इतकं खरं आहे.

मुलगेही पांगले. फ्रान्स्वा-व्हिक्टरनं निर्वासनात बसून अख्खा शेक्सपिअर फ्रेंचमध्ये आणला. त्याचं ज्या गर्न्सीच्या मुलीशी लग्न ठरलं होतं ती १८६५ च्या जानेवारीत वारली, आणि तो आईला घेऊन बेटावरून निघाला. मग त्या एवढ्या मोठ्या घराचा संसार कोण बघत होतं? तर अडेलची धाकटी बहीण, ज्युली शेने. म्हणजे मेहुणी. घराच्या इतिहासात तिच्या वाट्याला दोन ओळी येतात. बशांचं उत्तर मला तिथे मिळालं.

आणि ज्युलिएट? तिला ह्यूगोनं हाकेच्या अंतरावर घर दिलं होतं. सकाळी उठला की तो आपल्या गच्चीत एक फडकं लावायचा. ते दिसलं की ज्युलिएटला कळायचं, स्वारी उठली, रात्र बरी गेली. पुढे १८६४ मध्ये ती त्याच रस्त्यावरच्या दुसऱ्या घरात गेली. तेही त्यानं हौसेनं सजवून दिलं. जानेवारी १८६७ मध्ये अडेल काही दिवसांसाठी बेटावर आली होती, तेव्हा ती आपण होऊन ज्युलिएटच्या घरी भेटायला गेली. तेहतीस वर्षं झाली होती. दोघी तोवर म्हाताऱ्या झाल्या होत्या. काय बोलल्या असतील? मला वाटतं, त्याच्या तब्येतीबद्दल.

पुढच्या वर्षी, ऑगस्ट १८६८ मध्ये, अडेल ब्रसेल्सला गेली. तिला लिओपोल्दिनशेजारी पुरायचं होतं, फ्रान्समध्ये. ह्यूगो शवपेटीबरोबर सरहद्दीपर्यंत गेला. पुढे जायला त्याच्या प्रतिज्ञेनं मनाई होती. तिथून परत फिरला.

१८७० मध्ये सम्राट पडला आणि ह्यूगो पॅरिसला परतला. गाव लोटलं होतं स्वागताला. दोन्ही मुलगे पुढच्या तीन वर्षांत गेले. नातवंडं उरली, ज्युलिएट उरली. ती १८८३ मध्ये गेली आणि २२ मे १८८५ ला तो. घर त्यानं शेवटपर्यंत विकलं नाही. मधून मधून तिथे जाऊन राहिला. त्याच्या वारसांनी १९२७ मध्ये ते पॅरिस शहराला देऊन टाकलं. मोठी डागडुजी होऊन २०१९ मध्ये ते पुन्हा उघडलं. इंग्रजी राजमुकुटाखालच्या बेटावर पॅरिस महापालिकेचं घर, गंमतच आहे.

काचेच्या खोलीत आम्ही बराच वेळ उभ्या होतो. समुद्र खरोखर देखणा दिसतो, खोटं कशाला बोलू. भाचीनं फोटो काढले नाहीत. तिनं गाइड बाईंना मुलीच्या पियानोबद्दल काहीतरी विचारलं. तेवढ्यात पुढचा गट जिन्यात आला आणि आम्हाला उतरावं लागलं.

दुसऱ्या दिवशी जावयांनी पसंत केलेलं घर बघायला गेलो. एजंटनं पडदे सरकवून समुद्र दाखवला, जावई हरखले. भाचीनं आधी स्वयंपाकघर पाहिलं, मग विचारलं, इथून बसथांबा किती लांब आहे. आणि मग, लंडनचं विमान दिवसातून किती वेळा सुटतं.