फिकट पायांचा लांडगा : दख्खनच्या जनावरांना शास्त्रीय नावं देणारा कर्नल साईक्स

बारामती तालुक्यातल्या शिरसुफळच्या किंवा इंदापूरच्या कडबनवाडीच्या माळावरून भल्या पहाटे एक राखट-तांबूस जनावर चालत गेलं, तर ते काय असेल? लांडगा, कोल्हा की वस्तीवरचं कुत्रं? मेंढपाळाला चालीवरूनच कळतं. बाकीच्यांना रंग बघावा लागतो, आणि रंग फसवतात. हा गोंधळ शास्त्राच्या भाषेत सोडवायचा प्रयत्न जवळपास दोनशे वर्षांपूर्वी एका लष्करी अधिकाऱ्याने केला होता. त्याचं नाव विल्यम हेन्री साईक्स.

साईक्सचा जन्म १७९० चा, इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्डजवळचा. वयाच्या तेराव्या-चौदाव्या वर्षीच तो ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई फौजेत दाखल झाला. १८०५ च्या भरतपूरच्या वेढ्यात तो होता, आणि १८१७ मध्ये पेशवाई बुडवणाऱ्या खडकी आणि पुण्याच्या लढायांतही. म्हणजे ज्या मुलखाचा पुढे त्याने इतक्या मायेने अभ्यास केला, त्या मुलखात तो आला होता जिंकायला!

१८२० मध्ये तो युरोपात गेला आणि चार वर्षं भटकून परतला. गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने त्याला १८२४ मध्ये वेगळंच काम दिलं: दख्खनची आकडेवारी गोळा करायचं. माणसं किती, जमीन कोणाकडे, पिकं कोणती, पाऊस किती. या कामासाठी तो गावोगाव हिंडला आणि हिंडता हिंडता पक्षी, मासे, जनावरं टिपत गेला. १८२९ च्या अखेरीस काटकसर म्हणून सरकारने हे पदच रद्द केलं. साईक्सने काम सोडलं नाही. लष्करी कामातून सवलत मिळवून त्याने १८३१ च्या जानेवारीत ते पुरं केलं आणि मगच तो मायदेशी निघाला.

त्याच वर्षी लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेच्या कामकाजात त्याची दख्खनच्या सस्तन प्राण्यांची यादी छापली गेली. तिच्यात लांडग्याला नाव मिळालं ‘कॅनिस पॅलिपेस’. पॅलिपेस म्हणजे फिकट पायांचा. ओळखीची खूण नावातच आहे. अंगावर भुरकट-तांबूस केस, पाठीवर काळ्या टोकांच्या केसांची गडद छटा आणि खाली पाय मात्र फिके. युरोपातल्या लांडग्यासारखी दाट लोकरही याच्या अंगावर नसते.

कोल्हा रंगाने याच्या जवळ जातो, पण तो चणीने लहान आणि पायांनी आखूड. कोळसुंदा, म्हणजे रानकुत्रा, विटकरी तांबडा आणि काळ्या झुपकेदार शेपटीचा. त्यालाही साईक्सने ‘कॅनिस डुखुनेन्सिस’ असं दख्खनचं नाव दिलं. हे नाव प्रजाती म्हणून मात्र टिकलं नाही, कारण पल्लास या शास्त्रज्ञाने त्याच जनावराला १८११ मध्येच नाव देऊन ठेवलं होतं. खोकडाचं साईक्सने ‘कॅनिस कोक्री’ केलं. तेही मागे पडलं. हे मराठी शब्द त्याला इथल्याच लोकांकडून मिळाले असणार हे उघड आहे, पण ज्यांनी ते सांगितले त्यांची नावं शास्त्राच्या यादीत नाहीत.

माशांच्या बाबतीत मराठीचं नशीब बरं निघालं. १८३९ मध्ये त्याने दख्खनच्या माशांवर लिहिलं, आणि त्यातली खुद्री, सींगटी, टाकरी, कोलूस ही नावं आजही जगभर शास्त्रीय नावं म्हणून चालतात. खुद्री हा महसीर त्याने पुण्याच्या पूर्वेला मुळा-मुठेत पाहिला होता. त्याच नद्यांचं पाणी भीमेतून पुढे इंदापूरच्या शिवेवरून जातं.

पुढचं आयुष्य मानमरातबाचं. कर्नल म्हणून निवृत्ती, रॉयल सोसायटीचं सदस्यत्व, १८५६ मध्ये कंपनीचं अध्यक्षपद, १८५७ पासून अॅबर्डीनची खासदारकी. १८७२ मध्ये लंडनला तो वारला. एका चंडोलाला आणि एका वटवट्याला आजही त्याचं नाव आहे.

लांडग्याचं प्रकरण मात्र मिटलेलं नाही. साईक्सची स्वतंत्र प्रजात पुढे राखाडी लांडग्याची उपजात ठरली. पण २०२१ च्या जनुकीय अभ्यासात भारतीय लांडगा हा जगातल्या सर्वांत जुन्या लांडगा-वंशांपैकी एक असल्याचं दिसलं आणि वाद पुन्हा उघडला.

इकडे पुण्याजवळच्या माळांवर नवीनच अडचण उभी राहिली. २०१४ च्या सुमारास काही लांडगे विचित्र पिवळसर रंगाचे दिसले. पुण्याचा ‘द ग्रासलँड्स ट्रस्ट’ आणि बंगळूरच्या ‘अत्री’ व ‘एनसीबीएस’ या संस्थांच्या अभ्यासकांनी जनुकं तपासली. ते लांडगा आणि कुत्रा यांचा संकर असल्याचं २०२३ मध्ये प्रसिद्ध झालं. माळ तुकड्या-तुकड्यांनी कमी होतात, मोकाट कुत्री वाढतात, लांडग्याला जोडीदार मिळत नाही आणि मग हे घडतं. असा संकर पिढ्यान् पिढ्या चालला, तर शुद्ध लांडगा हळूहळू विरघळून जाईल. शिवाय प्रत्येक संकर रंगाने वेगळा दिसेलच असं नाही. काहींचे पाय फिकेच असतील, आणि तिथे साईक्सची खूण कामाला येणार नाही; रक्त किंवा विष्ठा प्रयोगशाळेत न्यावी लागेल.

सुप्याजवळचं मयूरेश्वर अभयारण्य जेमतेम ५.१४ चौरस किलोमीटरचं आहे. लांडग्याचा एका रात्रीचा फेरा त्याच्या बाहेर सहज जातो, आणि बाहेर शेतं, वस्त्या आणि कुत्री आहेत.