कृष्णाकाठचा वाचक : यशवंतराव चव्हाण



निकाल लागला की आपल्या घराघरांतून पहिला प्रश्न विचारला जातो तो गुणांचा. किती टक्के मिळाले, पुढे कोठे प्रवेश मिळेल, नोकरी लवकर लागेल की नाही? कष्ट करून मुले शिकविणाऱ्या आईबापांनी हे विचारावे यात गैर काहीच नाही. परंतु क्रमिक पुस्तक मिटल्यावर आपला मुलगा किंवा मुलगी काय वाचते, याची चौकशी करणारी घरे फार थोडी. उलट हातात एखादे गोष्टीचे पुस्तक अथवा वर्तमानपत्र दिसले की अभ्यास सोडून हे काय चालले आहे, असे आपणच दटावतो. अवांतर वाचनाने पोट भरत नाही, असा आपला समज आहे.

या समजुतीचा विचार करताना आपल्याच सातारा-सांगली भागातील एका थोर पुरुषाचे चरित्र डोळ्यांसमोर येते. महाराष्ट्राचे पहिले मुख्यमंत्री म्हणून यशवंतराव चव्हाण सर्वांना माहीत आहेत. पण मुख्यमंत्री होण्याच्या कितीतरी आधीपासून ते वाचक होते आणि सर्व पदे गेल्यानंतरही वाचकच राहिले. प्रस्तुत लेखात त्यांच्या राजकारणापेक्षा या वाचकाची ओळख करून देण्याचा प्रयत्न आहे.

विठाईचे घर

यशवंतरावांचा जन्म १२ मार्च १९१३ रोजी देवराष्ट्रे येथे आजोळी झाला. हे गाव त्या वेळी सातारा जिल्ह्यात होते. पुढे १९४९ साली दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा झाला आणि १९६० साली त्याला सांगली हे नाव मिळाले. त्यामुळे जन्मगाव सांगली जिल्ह्यात व कर्मभूमी कराड सातारा जिल्ह्यात, असे झाले आणि दोन्ही जिल्हे त्यांना आपलेच मानतात. आईला बाळंतपण फार जड गेले होते. आजीने जवळच्या सागरोबाला साकडे घातले, की माझ्या लेकीला यश दे, त्याची आठवण म्हणून बाळाचे नाव यशवंत ठेवीन. त्यावरून हे नाव पडले.

वडील बळवंतराव कराडच्या कोर्टात बेलीफ होते. यशवंत लहान असतानाच ते प्लेगला बळी पडले. घरी शेती बेताची, मिळकत दुसरी नाही आणि पदरात लहान मुले. थोरला मुलगा ज्ञानोबा वडिलांच्या जागी कोर्टात नोकरीला लागला व त्याच्या तुटपुंज्या पगारावर संसाराचा गाडा चालू झाला. आई विठाईला अक्षरओळख नव्हती. जात्यावर बसून ओव्या म्हणता म्हणता ती मुलांना धीर देई. आपल्याला वाचता येत नाही याची खंत तिने मुलांच्या शिक्षणात भरून काढली. घरात दोन वेळची भ्रांत असतानाही धाकट्याला शाळेतून काढून कोठेतरी कामाला लावावे, हा विचार तिने केला नाही. थोरल्या भावांनीही तिला साथ दिली.

आपल्या पालकसभांमधून पुष्कळदा ऐकू येते, की आम्हीच शिकलेलो नाही, मग मुलांच्या अभ्यासाकडे काय पाहणार? अशा प्रत्येक आईने विठाईचे घर आठवावे. मुलगा वाचत बसला असता त्याला उठवून कामाला न पाठविणे, एवढे तर कोणत्याही आईला करता येते.

दोन्ही बाजूंची वर्तमानपत्रे

मधले बंधू गणपतराव सत्यशोधक व ब्राह्मणेतर चळवळीत रमलेले होते. त्यांच्यामुळे 'विजयी मराठा', 'राष्ट्रवीर' अशी पत्रे यशवंतच्या हाती पडू लागली. महात्मा फुल्यांचे चरित्र त्याने वाचले आणि शेतकऱ्याच्या व मागासलेल्या माणसाच्या दुःखाकडे त्याची दृष्टी वळली. पण एवढ्यावर त्याचे समाधान झाले नाही. 'केसरी'सारखी दुसऱ्या बाजूची पत्रेही तो मिळवून वाचू लागला. टिळकांनी व काँग्रेसने काय केले, हेही त्याला जाणून घ्यायचे होते. पुढे दोघा भावांची मते वेगळी झाली. घरात वाद होत, परंतु अबोला होत नसे. धाकट्याने वेगळी वाट धरली म्हणून गणपतरावांनी त्याच्या शिक्षणाचा आधार काढून घेतला नाही.

कराडच्या टिळक हायस्कूलमध्ये शिकत असतानाच वर्तमानपत्राने या मुलाला मुळापासून हलविले. १९२९ साली लाहोरच्या तुरुंगात राजकीय कैद्यांना माणुसकीने वागवावे म्हणून जतींद्रनाथ दास या तरुण क्रांतिकारकाने उपोषण आरंभिले. सोळा वर्षांचा यशवंत रोज वर्तमानपत्र गाठून त्यांची प्रकृती कशी आहे ते वाची. उपोषण ६३ दिवस चालले आणि १३ सप्टेंबर रोजी जतींद्रनाथांनी प्राण सोडला. त्या दिवशी यशवंतला घरातलेच माणूस गेल्यासारखे रडू आले. शेकडो कोसांवरच्या, कधी न पाहिलेल्या, वेगळी भाषा बोलणाऱ्या माणसासाठी कराडचा एक मुलगा रडतो, हे वाचनामुळेच घडले. आपल्या आयुष्याला वळण देणाऱ्या प्रसंगांत त्यांनी या प्रसंगाची गणना केली आहे.

याच शाळेत गुरुजींनी एकदा मुलांना, तुम्ही पुढे कोण होणार ते लिहा, असे सांगितले. कोणी टिळक होणार, कोणी आणखी कोणी थोर पुरुष. यशवंतने लिहिले, की मी यशवंतराव चव्हाण होणार. वर्गात हे उत्तर अनेकांना उद्धटपणाचे वाटले असेल. परंतु दुसऱ्याची नक्कल न करता आपल्यातील जे आहे तेच वाढवावे, ही आत्मसुधारणेची खरी दिशा त्यात होती. १९३१ साली पुण्यातील वक्तृत्व स्पर्धेत त्याला ग्रामसुधारणेवर बोलावयास मिळाले. वर्तमानपत्रांतून वाचलेले विचार आणि देवराष्ट्र्याला डोळ्यांनी पाहिलेले खेडे यांचा मेळ बसला आणि शहरातील मुलांना मागे टाकून त्याने १५० रुपयांचे बक्षीस मिळविले.

माफी नाही

२६ जानेवारी १९३२ रोजी कराडात तिरंगा लावल्याबद्दल यशवंतला अटक झाली. शिक्षा होण्यापूर्वी शाळेतील एक शिक्षक विठाईला घेऊन पोलीस कचेरीत आले. मुलाने माफी मागितली तर त्याला सोडतील, असे त्यांनी आईला समजावले. घरचे दारिद्र्य, मॅट्रिकच्या उंबरठ्यावर आलेला मुलगा आणि पुढे दिसणारा तुरुंग, अशा अवस्थेत कोणत्याही आईचे मन डळमळले असते. विठाईने मात्र गुरुजींनाच विचारले, की माफी कशासाठी मागायची? मुलाला तिने प्रकृतीला जपण्यास सांगितले आणि ती घरी परतली. यशवंतला १८ महिन्यांची शिक्षा झाली.

सर्वांच्या दृष्टीने शिक्षणाचे नुकसान झाले होते. प्रत्यक्षात येरवड्याच्या तुरुंगात त्याला दुसरीच शाळा भेटली. आचार्य भागवतांसारखे व्यासंगी सत्याग्रही तेथे तरुणांचे वर्ग घेत. गांधीवाद, समाजवाद, मार्क्सवाद यांवर चर्चा झडत. एकाच बराकीत परस्परविरुद्ध मते मांडणारी विद्वान माणसे दिवसचे दिवस एकत्र राहत आणि तरीही एकमेकांचा आदर करीत, हे यशवंतने पाहिले. इतिहास, राजकारण व साहित्य यांचे वाचन तेथे त्याला भरपूर करता आले. खेड्यातून आलेल्या मुलाला जगाचा नकाशा तुरुंगाच्या भिंतीआड उलगडला. १९३३ साली तो सुटला तेव्हा वाचनाची सवय हाडीमासी खिळलेली होती.

मॅट्रिकची परीक्षा तो १९३४ साली उत्तीर्ण झाला. त्या वेळी त्याचे वय २१ होते. एखादे वर्ष वाया गेले म्हणून खचून जाणाऱ्या विद्यार्थ्यांनी हे ध्यानात ठेवावे. पुढे कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजातून १९३८ साली इतिहास व राज्यशास्त्र घेऊन तो बी. ए. झाला आणि १९४१ साली पुण्यातून एल्‌एल. बी. झाला. २ जून १९४२ रोजी फलटणच्या वेणूताईंशी विवाह झाला आणि दोनच महिन्यांत चलेजाव चळवळ सुरू होऊन यशवंतराव भूमिगत झाले. लग्नाला वर्ष होण्यापूर्वीच त्या नव्या नवरीलाही तुरुंग पाहावा लागला. १९४३ साली ज्ञानोबांचे निधन झाले. ज्याच्या पगारावर आपण शिकलो त्या भावाला शेवटच्या दिवसांत आपल्यामुळे त्रास सोसावा लागला, ही बोच यशवंतरावांना जन्मभर राहिली.

सत्तेच्या काळात

१९४६ साली ते आमदार झाले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी द्वैभाषिक मुंबई राज्याचे आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्राचे मुख्यमंत्री झाले. चीनच्या आक्रमणानंतर १९६२ साली पंडित नेहरूंनी त्यांना संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीस बोलाविले. त्यानंतर गृह, अर्थ व परराष्ट्र ही खाती त्यांनी सांभाळली.

एवढ्या व्यापातही त्यांचे वाचन सुटले नाही. नव्या लेखक-कवींची पुस्तके ते आवर्जून वाचीत. माणदेशातील ग. दि. माडगूळकर, पुढच्या पिढीतील ना. धों. महानोर यांच्याशी त्यांचा स्नेह होता. परदेश दौऱ्यांवरून ते वेणूताईंना सविस्तर पत्रे लिहीत. त्यांच्या मृत्यूनंतर ती पत्रे 'विदेश दर्शन' या नावाने प्रसिद्ध झाली.

वाचनाने झालेला लाभ त्यांनी स्वतःपुरता ठेवला नाही. मुख्यमंत्री असताना आर्थिकदृष्ट्या मागासलेल्या पालकांच्या मुलांना फी माफ करण्याची योजना त्यांनी आणली. आपण तिला ई. बी. सी. सवलत म्हणून ओळखतो. तिचा निकष जात वा धर्म नसून घरची मिळकत हा होता. त्यामुळे आपल्या समाजातील कारागीर, हमाल व छोट्या दुकानदारांच्या मुलांनाही हायस्कूल व कॉलेजचे दार उघडले. १९६० साली साहित्य संस्कृती मंडळ स्थापन होऊन वाईचे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी त्याचे अध्यक्ष झाले आणि मराठी विश्वकोशाचे काम सातारा जिल्ह्यातील वाईसारख्या लहान गावातून चालू झाले. १९६२ साली कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठ निघाले व सातारा-सांगलीच्या मुलांना पदवीसाठी दूरचे विद्यापीठ पाहण्याची गरज उरली नाही.

१९७५ साली कराडला मराठी साहित्य संमेलन भरले. यशवंतराव स्वागताध्यक्ष आणि केंद्रात परराष्ट्रमंत्री होते. देशात आणीबाणी होती. अध्यक्षा दुर्गाबाई भागवतांनी त्याच मांडवात लेखनस्वातंत्र्याची बाजू निर्भयपणे मांडली आणि आजारी जयप्रकाश नारायणांसाठी प्रार्थना करावयास लावली. यशवंतराव श्रोत्यांत बसून हे सारे ऐकत होते. विरोधी मत ऐकून घेण्याची येरवड्यातील सवय तेथे दिसली. आणीबाणीच्या सरकारातून मात्र ते बाहेर पडले नाहीत, हेही तितकेच खरे. व्यासंगी माणूसही निर्णयाच्या घडीला कमी पडू शकतो. चरित्र वाचताना माणसाचे मोठेपण व उणेपण दोन्ही पाहावे.

विरंगुळा

१९७७ साली सत्ता गेली. १९७९ साली काही महिने उपपंतप्रधानपद मिळाले, तेही टिकले नाही. पुढे जुन्या पक्षात परतण्यासाठी त्यांना बराच काळ ताटकळत राहावे लागले. ज्यांच्या दाराशी पूर्वी माणसांची रीघ असे, त्यांच्याकडे येणारी पावले कमी झाली. मूलबाळ नव्हते. ४१ वर्षे सोबत केलेल्या वेणूताई १ जून १९८३ रोजी गेल्या आणि घर रिकामे झाले.

कराडच्या आपल्या घराला त्यांनी विरंगुळा हे नाव दिले होते. उतारवयात त्यांना खरा विरंगुळा दिला तो पुस्तकांनी. वाचनाबरोबर लेखनही चालू होते. 'कृष्णाकाठ' हा आत्मचरित्राचा पहिला भाग १९८४ साली प्रसिद्ध झाला. देवराष्ट्र्याच्या बालपणापासून १९४६ पर्यंतचा काळ त्यात आहे. मुख्यमंत्रीपदाचा व दिल्लीचा काळ सांगणारे पुढील भाग लिहिण्याचा त्यांचा मानस होता, पण तो तडीस गेला नाही. २५ नोव्हेंबर १९८४ रोजी दिल्लीत त्यांचे निधन झाले. कराडच्या प्रीतिसंगमावर, कृष्णा-कोयनेच्या काठी त्यांची समाधी आहे.

त्यांनी जमविलेला मोठा ग्रंथसंग्रह कराडच्या वेणूताई चव्हाण स्मारकात जपून ठेवला आहे. इतकी वर्षे सत्तेत राहिलेल्या माणसाची ही इस्टेट. कराडला जाणाऱ्या आपल्या सहलींनी समाधीबरोबर ती कपाटेही अवश्य पाहावीत.

आपण काय घ्यावे

विद्यार्थी मित्रहो, वाचन केले म्हणून प्रत्येक जण मंत्री होणार नाही, आणि होण्याची गरजही नाही. यशवंतरावांची पदे आली तशी गेली. कैदेत, एकांतात आणि दुःखात त्यांच्याजवळ राहिले ते पुस्तक. रोज अर्धा तास क्रमिक पुस्तकाव्यतिरिक्त काही वाचा. स्वतःला पटणारे वाचा, तसे न पटणारेही वाचा. वाचलेले आपल्या मोहल्ल्यातील, गावातील माणसांशी ताडून पाहा.

पालकांना एवढीच विनंती, की घरात एक फळी पुस्तकांसाठी मोकळी ठेवा. गावच्या वाचनालयाची वर्गणी मुलांच्या नावे भरा, आणि हे मुलग्यांइतकेच मुलींसाठीही करा. सणासुदीला कपड्यांबरोबर एखादे पुस्तक आणा. आपल्याला वाचता येत नसेल तर रात्रीच्या जेवणानंतर मुलाला मोठ्याने वाचावयास सांगा आणि त्याच्याजवळ बसून ऐका. विठाईच्या मुलाला जे लाभले ते आपल्या मुलांनाही लाभो, ही सदिच्छा.