डॉ. विल्यम हॉल्स्टेड : पित्तखड्यांशी दुहेरी झुंज

आधुनिक शस्त्रक्रियेचे एक शिल्पकार डॉ. विल्यम स्टुअर्ट हॉल्स्टेड यांचा जन्म २३ सप्टेंबर १८५२ रोजी न्यूयॉर्क येथे झाला. १८८२ मध्ये ऑल्बनी येथे त्यांच्या मातोश्री काविळीने व तापाने अत्यवस्थ झाल्या. रात्री दोनच्या सुमारास स्वयंपाकघरातील मेजावरच त्यांनी आईचे पित्ताशय उघडले, पू वाहून जाऊ दिला आणि सात खडे बाहेर काढले. आईचे प्राण वाचले.

पुढे कोकेनच्या गुणधर्मांचा शोध घेताना ते स्वतःच त्या व्यसनात गुरफटले. त्यातून सावरत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात त्यांनी शस्त्रक्रियेत रबरी हातमोजे रूढ केले आणि शल्यविशारदांची एक पिढी घडवली.

उतारवयात मात्र आईचाच विकार त्यांच्या वाट्याला आला. १९१९ मध्ये त्यांचे पित्ताशय काढण्यात आले. तरी १९२२ मध्ये पित्तनलिकेत खडा आढळला. नलिका तुंबली की पित्त आतड्यात न उतरता रक्तात मिसळते, डोळे पिवळे पडतात आणि जंतुसंसर्ग प्राणावर बेततो. त्यांच्याच शिष्यांनी खडा काढला. परंतु शस्त्रक्रियेनंतरच्या गुंतागुंतीमुळे ७ सप्टेंबर १९२२ रोजी त्यांचे निधन झाले. सत्तरी पूर्ण होण्यास अवघे सोळा दिवस उरले होते.

तोंडावाटे दुर्बीण उतरवून, पित्तनलिकेचे मुख रुंदावून, पोट न फाडता खडा काढण्याची पद्धत १९७४ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर ५२ वर्षांनी, जगापुढे आली.