बेंजामिन रॉबिन्स : दारूचे माप घेणारा गणिती

बंदुकीत दारू किती भरावी, हा प्रश्न अठराव्या शतकापर्यंत बव्हंशी गोलंदाजांच्या अंदाजावर सोपविलेला असे. जितकी दारू अधिक तितका मारा अधिक, ही समजूत रूढ होती. तिला प्रयोगाची व गणिताची कसोटी लावली बेंजामिन रॉबिन्स याने.

रॉबिन्सचा जन्म १७०७ मध्ये इंग्लंडमधील बाथ येथे, एका गरीब क्वेकर कुटुंबात झाला. शस्त्र निषिद्ध मानणाऱ्या पंथातील मुलाने तोफाबंदुकांच्या अभ्यासात कीर्ती मिळवावी, हा दैवयोगच म्हणावयाचा! लंडनमध्ये तो गणिताच्या शिकवण्या करी. १७२७ मध्ये, ऐन विशीत, तो रॉयल सोसायटीचा सदस्य झाला.

तोफविद्येची नवी तत्त्वे मांडणारा त्याचा ग्रंथ १७४२ मध्ये निघाला. त्यातील मुख्य साधन एक जड लंबक. त्याच्या लाकडी फळीवर गोळी झाडायची, लंबक किती मागे गेला ते त्याला जोडलेल्या फितीवर मोजायचे आणि त्यावरून गोळीचा वेग काढायचा. हा वेग सेकंदाला दीड हजार फुटांहून अधिक भरला. त्याहून नवलाची गोष्ट अशी की, एवढ्या वेगाच्या गोळीला होणारा हवेचा विरोध तिच्या वजनाच्या शंभरपटीहून अधिक होता. म्हणजे दारू वाढवून मिळविलेला वेग बराचसा हवाच गिळून टाकी. पदरी पडे तो तोफेवरील ताण. म्हणून मैदानी तोफेत गोळ्याच्या वजनाच्या एक षष्ठांश, फार तर एक पंचमांश दारू पुरे, असे त्याने सांगितले. आजही रायफलीची काडतुसे स्वतः भरणारे नेमबाज दारू काट्यावर तोलतात, उत्पादकाच्या तक्त्यातील कमी मापापासून सुरुवात करतात आणि प्रत्येक मापाचा वेग यंत्रावर पाहतात. त्यांची दारू निराळी आणि मापेही निराळी. रीत मात्र रॉबिन्सचीच.

लिओनार्ड ऑयलरसारख्या थोर गणितज्ञाने या ग्रंथाचे जर्मन भाषांतर विस्तृत टीपांसह १७४५ मध्ये प्रसिद्ध केले. पुढच्याच वर्षी रॉबिन्सला कोप्ले पदक मिळाले. १७४७ मध्ये त्याने मळसूत्री खाचांच्या नळीची महती सांगितली : गोळी स्वतःभोवती नेमकी फिरली तरच ती सरळ जाते. सैन्यांनी हे मनावर घेण्यास पुढे शंभरएक वर्षे लागली.

ईस्ट इंडिया कंपनीने आपल्या किल्ल्यांच्या दुरुस्तीसाठी त्याला हिंदुस्थानात पाठविले. १७५० मध्ये तो कडलूरजवळील फोर्ट सेंट डेव्हिड येथे उतरला. राजाराम महाराज जिंजीस असताना, १६९० मध्ये, इंग्रजांनी मराठ्यांकडून विकत घेतलेला तो हाच किल्ला. येथील हवा रॉबिन्सला मानवली नाही. तापाने तो खंगला, तरी नकाशांचे काम चालूच होते. २९ जुलै १७५१ रोजी त्याच किल्ल्यात त्याचा अंत झाला.