१००० रेषांचं स्वप्न: जॉन लोगी बेअर्ड

४के आणि ८के टीव्हीच्या जाहिराती बघून वाटतं की जास्त पिक्सेलचं हे वेड आत्ताचंच आहे. पण भरपूर रेषा, खरे रंग आणि चित्राला खोली, हे तिन्ही एकाच पडद्यावर आणायचा हट्ट जॉन लोगी बेअर्ड यांनी १९४० च्या दशकातच धरला होता. शाळेच्या पुस्तकात ते 'टीव्हीचे संशोधक' म्हणून एका ओळीत संपतात. मला त्या ओळीनंतरचे बेअर्ड जास्त आवडतात.

जन्म १३ ऑगस्ट १८८८, स्कॉटलंडमधल्या हेलेन्सबर्गचा. तब्येत कायम नाजूक. मोजे विकून झाले, त्रिनिदादला जाऊन जॅम करून झाला, साबणही विकून झाला. १९२३ मध्ये हेस्टिंग्जला त्यांनी हॅटचा खोका, चहाची पेटी, रफूच्या सुया आणि सायकलच्या दिव्याची भिंगं जोडून यंत्र उभं केलं. अस्सल जुगाड!

या यंत्रात भोकं पाडलेली चकती गरगर फिरायची आणि प्रत्येक भोक चित्राची एक रेषा टिपायचं. ३० भोकं, म्हणून ३० रेषा. दिवे इतके तापायचे की समोर आधी बोलक्या बाहुल्याचं डोकं ठेवावं लागलं. २६ जानेवारी १९२६ ला लंडनच्या फ्रिथ स्ट्रीटवर त्यांनी रॉयल इन्स्टिट्यूशनच्या सदस्यांना जिवंत माणसाचा चेहरा पडद्यावर दाखवला. गंमत म्हणजे त्यांचं ३० रेषांचं चित्र उभं होतं, रुंदी ३ तर उंची ७. म्हणजे आपल्या रील्ससारखंच! १९२८ मध्ये त्यांनी रंगीत आणि ३डी टीव्हीचेही प्रयोग करून दाखवले.

पण चकतीला मर्यादा होती. रेषा वाढवायच्या तर भोकं वाढवा, भोकं वाढवली की ती बारीक होणार, आणि बारीक भोकातून उजेड कमी येणार. मोबाईलच्या कॅमेऱ्यात छोट्या सेन्सरवर जास्त पिक्सेल कोंबले की अंधारातला फोटो बिघडतो ना, त्याचाच हा आजोबा. नोव्हेंबर १९३६ मध्ये बीबीसीने दोन पद्धती आलटून पालटून वापरून पाहिल्या. बेअर्ड कंपनीच्या २४० रेषा, तर मार्कोनी-ईएमआयच्या ४०५, त्याही पूर्ण इलेक्ट्रॉनिक. बेअर्डच्या स्टुडिओत तर आधी फिल्मवर शूटिंग, ती लगेच धुवायची आणि मग स्कॅन करायची. कॅमेरा जागचा हलायचा नाही. त्याच महिन्यात क्रिस्टल पॅलेसच्या आगीत कंपनीच्या प्रयोगशाळाही जळाल्या. फेब्रुवारी १९३७ मध्ये त्यांची पद्धत बंद झाली. निकाल योग्यच होता, असं मला इंजिनीअर म्हणून वाटतं.

पुढे युद्ध सुरू झालं, कंपनी बुडाली. बेअर्ड मात्र लंडनच्या सिडनहॅम भागात घरच्या प्रयोगशाळेत स्वतःच्या पैशाने काम करत राहिले. आता रोख इलेक्ट्रॉनिक नळीकडे वळला होता. १६ ऑगस्ट १९४४ ला त्यांनी 'टेलिक्रोम' दाखवली: एकाच नळीत दोन इलेक्ट्रॉन गन, आणि मधल्या पातळ पडद्याच्या एका बाजूला नारिंगी-लाल, दुसऱ्या बाजूला निळं-हिरवं चमकणारा लेप. रेषा ६००, चित्र रंगीत. लाल-निळा चष्मा लावला की त्याच नळीवर ३डीही दिसायचं. युद्धानंतरच्या टीव्हीचा विचार करणाऱ्या सरकारच्या हँकी समितीपुढेही त्यांनी आपलं म्हणणं मांडलं. समितीने पुढचं ध्येय सुमारे १००० रेषा, रंग आणि ३डी असं ठेवलं, पण सुरुवात जुन्या ४०५ नेच करा, असं सांगितलं.

७ जून १९४६ ला बीबीसीचा टीव्ही ४०५ रेषांवर परत सुरू झाला. १४ जूनला बेअर्ड गेले, वय ५७.

ब्रिटनमधलं ४०५ रेषांचं प्रसारण थेट १९८५ मध्ये थांबलं. १ डिसेंबर २०१८ ला जपानच्या एनएचकेने ८के चॅनल सुरू केलं. त्यात उभ्या दिशेने ४३२० पिक्सेल आहेत, आणि पडद्याच्या उंचीच्या पाऊण पट अंतरावर बसलं की चित्र नजरेचा सुमारे १०० अंशांचा भाग व्यापतं. रेषा आल्या, रंग आले. ३डी मात्र त्या चॅनलवरही नाही.